घरच्या घरी रंगीत रोल धुताना

(दृश्य: फोंडा. बाहेर पाऊस. न्हाणीघरातल्या स्टुलावर काळी प्लास्टिकची टाकी, तीन बाटल्या, खाली गरम पाण्याची बादली.)

गोव्यात कॅमेऱ्याच्या फिल्मचा कृष्णधवल रोल धुवायला बसलं की बर्फ शोधावा लागतो. त्याचा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर वापरायची रीत आहे आणि आपल्याकडे नळाला पाणीच तिशीच्या आसपासचं येतं. रंगीत रोलला ही अडचण नाही. कोडॅकने १९७२ साली आणलेल्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपर ३७.८ अंशांवर लागतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी काढलं, तर निम्मं काम उन्हानेच केलेलं असतं.

तरीही नवशिक्यांचे पहिले रोल बिघडतात, आणि बहुतेक डेव्हलपरच्या सव्वातीन मिनिटांत किंवा त्याआधीच. त्यानंतरची बरीच चूक सुधारता येते. म्हणून सगळी काळजी सुरुवातीला खर्च करायची.

(दृश्य: चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत, घातलेले हात.)

पहिली फजिती अंधारात होते. पावसाळ्यात चेंजिंग बॅगेत हात घातले की पाच मिनिटांत तळवे घामेजतात, बॅगेतली हवा दमट होते आणि फिल्म प्लास्टिकच्या रिळात अडकून बसते. मग नवशिका जोर लावतो. फिल्मला घडी पडते आणि निगेटिव्हवर अर्धचंद्रासारखा डाग उमटतो.

३५ मिमीच्या रोलला सोपी वाट आहे. पुढची जीभ तशीही उजेड खाल्लेलीच असते. ती डबीबाहेर ठेवा, सरळ कापा, दोन्ही कोपरे किंचित गोल करा आणि उजेडातच रिळाच्या खाचेत थोडी सरकवा. मग सगळं बॅगेत घालून उरलेली फिल्म चढवा. रीळ कोरडंठाक हवं, आदल्या दिवशी धुतलेलं चालेल, आत्ता पुसलेलं नाही. मध्येच अडकलं तर फिल्म रिळासकट टाकीत ठेवा, झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा, पंख्याखाली बसा. घाई नाही. फक्त टाकीतली मधली पोकळ नळी विसरू नका. उजेड अडवायचं काम तीच करते. ती राहिली तर झाकण घट्ट असूनही फिल्म काळी पडते.

फ्रीजमधला रोल लगेच उघडणं ही खास दमट हवेतली चूक. गार फिल्मवर बाष्प धरतं. डबी न उघडता दोन-तीन तास बाहेर राहू द्या.

(दृश्य: बादलीत गळ्यापर्यंत बुडालेल्या बाटल्या, तापमापक.)

आता तापमान. रंगीत फिल्ममध्ये तीन थर असतात. निळ्या प्रकाशाचा थर वर, लाल प्रकाशाचा सगळ्यात खाली. डेव्हलपर थंड असेल तर तिन्ही थर सारख्या प्रमाणात पिकत नाहीत. मग सावल्यांना एक छटा येते, उजळ भागाला दुसरी. स्कॅन केल्यावर एक सुधारायला गेलं की दुसरी बिघडते. लॅबसाठी कोडॅकची मर्यादा आहे ०.१५ अंश. घरी एवढं सोवळं पाळता येत नाही, पण पाव अंशाच्या आत राहायचा प्रयत्न असावा.

स्वयंपाकाचा तापमापक एक-दोन अंश सहज चुकतो. तो तपासायचं साधन घरातल्या औषधांच्या डब्यातच असतं. ३७.८ सेल्सियस म्हणजे १०० फॅरनहाइट, आणि ताप बघायचा डिजिटल तापमापक नेमका याच टप्प्यात भरवशाचा असतो. दोन्ही एकाच पाण्यात धरा, फरक कागदावर लिहून ठेवा. तापाचा तापमापक सर्वाधिक आकडा धरून ठेवतो, तेव्हा प्रत्येक वेळी बंद करून पुन्हा सुरू करायचा.

बादलीतलं पाणी एखादा अंश जास्त ठेवा, पण मोजा बाटलीच्या आत. बाटली मागून तापते. पाणी ठरल्या तापमानाला धरून ठेवणारी विजेची कांडी मिळते, पण आषाढात तिच्या भरवशावर राहू नये. वीज कधीही जाते, म्हणून गॅसवर एक पातेलं पाणी गरम असावं. आंघोळीच्या पाण्याची साधी कांडी मात्र या कामाला आणूच नका, तिला तापमान कळत नाही आणि ओल्या हातांशी तिचं जमत नाही.

टाकीही गरम हवी. डेव्हलपर ओतण्याआधी ३८ अंशांचं पाणी भरून मिनिटभर ठेवा. ओतून टाकताना ते रंगीत दिसेल. घाबरू नका, फिल्मवरचा रंग सुटतो तो. मग डेव्हलपर, ३५ मिमीच्या एका रोलला नेहमीच्या टाकीत २९० मिली. कमी भरलं तर फिल्मची वरची कड कोरडी राहते. पहिले काही सेकंद सतत हलवा, पुढे दर अर्ध्या मिनिटाला चार वेळा टाकी उलटीसुलटी करा. टाकी रिकामी व्हायला दहाएक सेकंद लागतात, तेवढे आधी ओतायला घ्या. १९५ सेकंदांत १० म्हणजे पाच टक्के झाले.

(दृश्य: ब्लिक्स ओतताना.)

ब्लिक्समध्ये ब्लीच आणि फिक्सर एकत्र असतात. चांदी निघून जाते, रंग राहतो. इथे वायू तयार होतो. झाकण लावून जोरात हलवलं की लालसर पाणी लादीवर. पहिल्या हलवण्यानंतर झाकणाची कड उचलून वायू जाऊ द्या. वेळ कमी पडली तर रंग मातकट आणि दाणेदार येतात, पण तोच रोल उजेडात पुन्हा ब्लिक्समध्ये घालता येतो.

मात्र ब्लिक्सचे थेंब डेव्हलपरच्या बाटलीत गेले की ती बाटली संपली. नरसाळी दोन हवीत, मापं दोन, झाकणांवर रंगीत चिकटपट्ट्या. घाईत आधी ब्लिक्स ओतलं, तर फिल्म कोरी निघते.

कोरी फिल्म निघाली तर कडेचे, कारखान्यातच उमटवलेले आकडे बघा. आकडे आहेत पण चित्र नाही, म्हणजे रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नव्हता. आकडेही नाहीत, म्हणजे रसायन चुकलं. निगेटिव्हचा नारिंगी रंग मात्र बरोबर आहे, आणि ओली फिल्म दुधी दिसली तरी सुकल्यावर निवळते.

धुवून झाल्यावर फिल्म रिळातून काढा आणि मगच स्टॅबिलायझरमध्ये, म्हणजे शेवटच्या द्रावणात, घाला, नाहीतर रीळ चिकट होतं आणि पुढच्या वेळी डेव्हलपरला फेस येतो. हे द्रावण डिस्टिल्ड पाण्यात करा. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते चालतं, पण लेबल वाचून घ्या, शेजारीच आम्लाचा कॅनही ठेवलेला असतो. स्टॅबिलायझरनंतर पुन्हा पाणी नाही.

(दृश्य: दोरीला टांगलेली फिल्म, खाली वजनदार चिमटा.)

पावसाळ्यात धूळ कमी, पण दिव्याभोवतीची पाखरं ओल्या फिल्मवर येऊन बसतात. दिवा बंद, पंखा बंद, खालच्या टोकाला वजन. रात्रभर राहू द्या. थोडी ओल असताना पाकिटात घातली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत बुरशी धरते.

हातमोजे नायट्राइलचे घाला, डेव्हलपरची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. उरलेला डेव्हलपर काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. कोऱ्या चहासारखा काळपट झाला की टाकून द्या. वापरलेल्या ब्लिक्समध्ये चांदी असते. घरामागे विहीर आणि शोषखड्डा जवळजवळ असतील, तर ते मोरीत ओतू नका, कॅनमध्ये साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.