पोप, सरण आणि एक अक्षर

आवाज येतोय ना मागे? छान. पत्रिकेवर 'ज्यू गूढवादाचा मध्ययुगीन ख्रिस्ती काव्यावरील प्रभाव' असं भारदस्त काहीतरी छापलंय. त्यातल्या 'प्रभाव' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. प्रभाव म्हटला की लोक पावती मागतात. कुठली पोथी, कोणी वाचली, कोणत्या पानावर खूण केली? अहो, माणसं बाजारात भेटतात, उसनवारी करतात, शेजारच्या वैद्याचा काढा पितात. कानावर पडलेल्याची पावती कोण ठेवतो?

आता एक गोष्ट. संयोजक घड्याळाकडे बघतायत, पण ही सांगितल्याशिवाय मी बसणार नाही.

अब्राहम अबुलाफिया. जन्म 1240, स्पेनमधलं सारागोसा. कबाला म्हणजे ज्यू गूढवादाची परंपरा; तिच्यातला हा वेगळाच गडी. हिब्रू अक्षरं सुटी करायची, उलटसुलट जुळवायची, प्रत्येकाचा आकडा धरायचा, सोबत श्वास आणि मानेची ठरावीक हालचाल. नामजप करणाऱ्यांनो, गालात हसू नका. आपण एकच नाम धरून बसतो. हा नामाचीच माळ तोडतो आणि मणी पुन्हा ओवतो. त्यात लॅटिन, ग्रीक, इटालियन शब्दही ओवतो. सोवळं नाही.

तर 1280 साली हे गृहस्थ निघाले कोणाला भेटायला? पोपला! तिसरा निकोलस. पोप तेव्हा सोरियानोच्या वाड्यात होता. त्याने हुकूम दिला की हा माणूस आला तर जाळा. लाकडं रचून झाली. अबुलाफियाला हे कळलं, तरी तो गेला. वेशीत पाऊल टाकतो तो बातमी: पोप रात्रीत वारला! पुढे रोमला फ्रान्सिस्कन साधूंनी याला 28 दिवस कोंडलं आणि सोडून दिलं. पोप वारला तो ऑगस्ट महिना होता. इटालियन महाकवी दान्ते तेव्हा पंधरा वर्षांचा पोर.

आणि हाच पोप दान्तेच्या महाकाव्यातल्या 'इन्फेर्नो'च्या, म्हणजे नरकाच्या भागाच्या, एकोणिसाव्या सर्गात भेटतो. खड्ड्यात उलटा, डोकं खाली, वर तळपायांना आग. याचं घराणं ऑर्सिनी, म्हणजे अस्वलाचं. तो म्हणतो, पिल्लांची भर करण्यासाठी वर थैली भरली, इथे मीच थैलीत पडलो. दान्तेचा आवाज ऐकून त्याला वाटतं, नंतरचा पोप बोनिफास आला, ठरल्या वेळेआधीच! (हशा.) शिक्षा धर्मपदं विकल्याची, अबुलाफियाची नव्हे. पण सरण रचणाऱ्याच्या पायाला आग बघून मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मुद्दा राहिलाच की! भरभर सांगतो.

दान्ते लोकभाषेवरच्या लॅटिन ग्रंथात, 1304-05च्या सुमारास, म्हणतो की आदमचा पहिला शब्द 'एल', म्हणजे देव, आणि आदमची हिब्रू पुढे टिकली. नंतर त्याच महाकाव्याच्या स्वर्गाच्या भागात, 'पारादिसो'च्या सव्विसाव्या सर्गात खुद्द आदमच ते खोडून काढतो: माझी भाषा बाबेलच्या मनोऱ्याआधीच, म्हणजे देवाने माणसांच्या भाषा वेगळ्या करण्याआधीच, मेली, आणि देवाला आधी 'ई' म्हणत, 'एल' मागाहून. रोमन लिपीतलं एकच अक्षर. हिब्रूत देवाच्या चार अक्षरी नावाची सुरुवात 'योद'ने होते. वर्णमालेतलं सगळ्यात छोटं अक्षर. कोणी म्हणतात, तो रोमन आकड्यातला एक आहे. असेल. पण एका अक्षरात देव मावतो, ही कल्पना त्या काळी इटलीत कोण शिकवत होतं? कापुआत अबुलाफिया ज्याच्या हाताखाली शिकला तो वेरोनाचा हिल्लेल पुढे फोर्लीत राहिला, आणि काही वर्षांनी निर्वासित दान्ते त्याच फोर्लीत. हा धागा इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी ओढला. तुटका आहे, पण मी तो सोडणार नाही.

इम्मानुएल राहिला! रोमचा ज्यू कवी. त्याने हिब्रूत स्वर्ग-नरकाची फेरी लिहिली, दान्तेच्या वळणाची. म्हणजे ये-जा दोन्हीकडून होती. 1321मध्ये दान्ते गेला, तेव्हा गुब्बियोच्या बोसोने या कवीने शोकाचं सुनीत पाठवलं ते याला. आणि त्याने इटालियनमध्येच सुनीत लिहून उत्तर दिलं. बरं, हा मी बसलो.