ध्रुवाच्या दारातून रॉकेट कशाला?

[दृश्य: बर्फाचे डोंगर, पायथ्याशी समुद्र, किनाऱ्यावर उभं रॉकेट]

३० मार्च २०२५. नॉर्वेचं अँडोया बेट, ६९ अंश उत्तर. इसार एरोस्पेस या जर्मन कंपनीचं २८ मीटर उंच स्पेक्ट्रम रॉकेट उडालं, अर्धं मिनिट वर गेलं, कलंडलं आणि समुद्रात कोसळलं. रशिया वगळता, युरोपच्या जमिनीवरून सरळ वर, कक्षेच्या दिशेनं उडालेलं हे पहिलंच रॉकेट.

ते पडलं, ठीक आहे. पहिली रॉकेटं पडतात. पण रॉकेट विषुववृत्ताजवळून सोडावं, असं शाळेपासून ऐकलेलं असताना ही मंडळी आर्क्टिकमध्ये का गेली?

[दृश्य: फिरती पृथ्वी]

विषुववृत्तावर पृथ्वी सेकंदाला ४६५ मीटर वेगानं पूर्वेकडे फिरते. श्रीहरिकोट्याला हा वेग साधारण ४५० असतो, अँडोयाला जेमतेम १६७. पूर्वेला जाणाऱ्या रॉकेटला तो फुकट मिळतो. शिवाय कक्षेला कल असतो, म्हणजे ती विषुववृत्ताशी करते तो कोन. ज्या अक्षांशावरून उडाल, त्याहून कमी कलाच्या कक्षेत थेट शिरता येत नाही. अंतराळ स्थानकाच्या कक्षेचा कल आहे ५१.६ अंश. अँडोयाहून तिथं जायचं तर वाटेत कक्षा वळवावी लागेल, आणि त्यात इतकं इंधन जाईल की कुणी त्या फंदात पडणार नाही. टीव्हीचे भूस्थिर उपग्रह तर थेट विषुववृत्तावर, शून्य कलाच्या कक्षेत असतात; त्यांचं नावच नको.

पण पृथ्वीचे फोटो काढणारे बरेचसे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. त्यांच्या कक्षेचा कल ९८ अंशांच्या आसपास, म्हणजे किंचित पश्चिमेकडे. तिथं पृथ्वीचा वेग मदत करत नाही, उलट आडवा येतो. मग उत्तरेला तो कमी असल्यानं मोठी बचत होत असणार? असं बरेच जण सांगतात. गणित मात्र वेगळं बोलतं. अँडोयाहून ती कक्षा गाठायला रॉकेटला तोंड उत्तरेपासून वीस अंशांहून जास्त पश्चिमेला वळवावं लागतं, आणि मिळालेला फायदा तिथंच बहुतेक खर्ची पडतो. शेवटी हातात उरतात सेकंदाला दहा-वीस मीटर. कक्षेतला वेग आहे साडेसात किलोमीटर!

[दृश्य: नकाशा, अँडोयाच्या उत्तरेचा मोकळा समुद्र]

खरी कमाई ही आहे. अँडोयाच्या उत्तरेला नुसता समुद्र. रॉकेटचा जळून गेलेला टप्पा पडला, तरी खाली गाव नाही. स्वीडनचा एस्रेंज तळ जवळपास त्याच अक्षांशावर आहे, पण देशाच्या आतल्या भागात. तिथून उत्तरेला निघालं की आधी नॉर्वे ओलांडा.

आपल्याकडेही गोष्ट तीच. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेला निघालं की वाटेत श्रीलंका. म्हणून इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटला वळसा घ्यावा लागतो आणि वाहून नेण्याचं वजन घटतं. छोट्या एसएसएलव्हीला तो वळसा परवडत नाही. त्यासाठी तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला नवा तळ होतोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पायाभरणी झाली. तो विषुववृत्ताच्या जवळ, अँडोया ध्रुवाच्या. दोघांना हवा आहे तो पुढचा मोकळा समुद्र.

[दृश्य: जुनं रडार केंद्र]

समुद्र मोकळा असला, तरी शेजारी जागा असतो. २५ जानेवारी १९९५ ला अँडोयाहून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक संशोधन रॉकेट उडालं. रशियन रडारला ते अमेरिकी पाणबुडीचं क्षेपणास्त्र वाटलं, आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांचा आदेश देण्याची पेटी उघडली गेली. नॉर्वेनं आगाऊ कळवलं होतं; निरोप रडारवाल्यांपर्यंत पोचला नव्हता.

[दृश्य: वादळी किनारा, प्रक्षेपण मंच]

आता त्याच रशियामुळे अँडोयाचा भाव वाढलाय. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, २०२२ मध्ये, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात युरोपचा जो कुरू तळ आहे, तिथून रशियाच्या सोयुझ रॉकेटची उड्डाणं थांबली आणि युरोपला घरच्या अंगणात तळ हवासा झाला. युरोपचं एरियन ६ सारखं अवजड रॉकेट कुरूलाच शोभतं. पण टनभराच्या आतले उपग्रह ध्रुवांवरून फिरवायचे, तर दक्षिण अमेरिकेपर्यंत जहाजानं रॉकेट न्यायची गरज नाही. अँडोयाच्या वाऱ्याचं मात्र काय करायचं? २४ मार्चचा बेत त्यानंच उधळला होता.