एका आश्चर्याला चुना लावून बांधलेला किल्ला : बोद्रुम, तुर्कस्तान

नमस्कार मंडळी. माझ्यामागची ही भिंत जरा नीट बघा. (कॅमेरा भिंतीजवळ) इथला साधा दगड कसा ओबडधोबड आहे, आणि त्यातच मध्ये हा हिरवट दगड बघा. घोटीव, चौरस, कडा अजून शाबूत. हा इथल्या गवंड्यानं घडवलेला नाही. त्याच्या हाती तो आयता आलाय. कुठून आला, तर प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एकातून.

मी आहे बोद्रुममध्ये. तुर्कस्तानच्या नैऋत्य टोकाला, भूमध्य समुद्राचाच एक फाटा असलेल्या एजियन समुद्रावर. या गावाचं जुनं नाव हालिकार्नासस. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इथलाच. हिंदुस्थानात रानटी झाडांना लोकर लागते आणि लोक तिचे कपडे घालतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. कापूस हो! असो.

या हालिकार्नाससवर मॉसोलस नावाचा राजा होता. तो इ.स.पू. 353 मध्ये वारला आणि त्याची प्रचंड समाधी इथं उभी राहिली, साधारण 45 मीटर उंचीची. तेच हे आश्चर्य. इंग्रजीत भव्य समाधीला मॉसोलियम म्हणतात ना, ते याच राजाच्या नावावरून. ती वास्तू कित्येक शतकं टिकली, मग भूकंपांनी खिळखिळी झाली आणि शेवटी ढिगारा उरला.

आता थेट 1402. तैमूरलंगानं स्मर्ना, म्हणजे आजचं इझमीर, घेतलं आणि तिथला ख्रिस्ती नाइट्सचा किल्ला पाडला. हे सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे धर्मयुद्धांच्या काळातला लढवय्या ख्रिस्ती पंथ. त्यांचं मुख्य ठाणं रोड्स बेटावर. त्यांना इकडच्या किनाऱ्यावर नवा किल्ला हवा होता, म्हणून त्यांनी दोन खाड्यांच्या मधलं हे खडकाळ टोक निवडलं. जागा उत्तम, तिन्ही बाजूंनी पाणी. आणि जवळच घडीव दगडाची खाणच म्हणा ना! मॉसोलसच्या समाधीचा ढिगारा.

पुढची शंभरेक वर्षं तिथून दगड येत राहिला. हिरवट चिरे भिंतींना, संगमरवरी खांबांचे तुकडे भिंतींत, कोरीव पट्ट्या शोभेला. आणि उरलेल्या संगमरवराचं काय केलं? भट्टीत भाजला आणि त्याचा चुना केला. म्हणजे जगातल्या एका आश्चर्याला या मंडळींनी अक्षरशः चुना लावला.

यातला एक किस्सा 16 व्या शतकातच एका फ्रेंच लेखकानं छापलाय. साल 1522. तुर्कांचा सुलतान सुलेमान रोड्सवर चालून येतोय म्हणून इथं तटबंदीची घाई चाललेली. चुन्यासाठी दगड उकरताना नाइट्सना पायऱ्या लागल्या आणि खाली एक दालन सापडलं, खांब आणि शिल्पं असलेलं. त्यांनी ते डोळे भरून पाहिलं आणि मग फोडून कामाला लावलं. आत आणखी एक दार होतं, त्यामागं शवपेटी. संध्याकाळ झाली, उद्या बघू म्हणून ते परत गेले. सकाळी येतात तो थडगं उघडं, आणि जमिनीवर जरीच्या चिंध्या अन् सोन्याच्या टिकल्या. रात्रीत कुणीतरी हात मारला होता.

एवढं करून किल्ला काही त्यांच्या हाती टिकला नाही. रोड्स पडलं आणि 1523 च्या सुरुवातीला नाइट्सनी हाही सोडला. भिंतीतल्या कोरीव पट्ट्या 1846 मध्ये काढून लंडनला नेल्या, आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटननं मूळ जागी खणून उरलेली शिल्पंही नेली. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बघावीत. इथं मूळ जागेवर आता खड्डा आहे आणि थोडे पडके दगड. तिथं फार वेळ घालवू नका.

किल्ल्यात बुरूज देशवार आहेत: इंग्लिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन. ज्यानं त्यानं आपापला सांभाळायचा. एका बुरुजात तळघरातली कोठडी आहे, तिच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की इथं देव नाही. उन्हाळ्यात बुरूज सकाळीच उरकून घ्या. पायात चांगली पकड असलेले बूट हवेत. मी चपला घालून आलो आणि गुळगुळीत पायऱ्यांवर दोनदा बसलो.

पण मी खरा आलोय तो आतल्या संग्रहालयासाठी. हे समुद्राच्या तळातून काढलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. याची सुरुवात झाली ती इथल्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांमुळे. समुद्रात काय कुठं पडलंय हे त्यांना ठाऊक. 1982 मध्ये मेहमेत चाकिर नावाच्या पाणबुड्यानं कप्तानाला सांगितलं, की खाली कान असलेली धातूची बिस्किटं पडलीत.

ती ही बघा. (तांब्याची लादी) चारही कोपरे ओढून काढल्यासारखे, म्हणजे उचलायला सोपं. सरासरी 24 किलोची एक, आणि अशा साडेतीनशेच्या आसपास. उलुबुरुनच्या भूशिराजवळ बुडालेलं हे जहाज इ.स.पू. 14 व्या शतकाच्या अखेरचं. 1984 ते 1994 अशी अकरा वर्षं उत्खनन चाललं, 22,400 हून जास्त बुड्या मारल्या. खोली 44 मीटरच्या पुढं, त्यामुळे एका बुडीत तळाशी मिळायची जेमतेम वीस मिनिटं.

आता गंमत बघा. जहाजावर तांबं सुमारे 10 टन आणि कथील सुमारे 1 टन. कासं करायचं तर प्रमाण काय लागतं? साधारण दहास एक! कुणाच्या तरी भट्टीसाठी मोजून भरलेला माल होता तो. सोबत निळ्या काचेच्या जाड चकत्या, हस्तिदंत, आणि इजिप्तच्या नेफर्टिटी राणीचं नाव कोरलेला बोटाच्या पेराएवढा सोन्याचा भुंगा.

लोक त्या भुंग्यापाशी गर्दी करतात. तुम्ही पुढं काचेच्या दालनात या. इथलं जहाज 1025 च्या सुमारास सेर्चे लिमानी नावाच्या खाडीत बुडालं. त्यात 3 टन काच होती. बरीचशी कच्ची, आणि बाकीची फुटकी भांडी. जहाजावर फुटलेली नव्हेत बरं का, आधीच फुटलेली. वितळवून पुन्हा भांडी करायला निघालेलं भंगार. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा भंगारवालाच तो!

ते लाखो तुकडे तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं बसून रंगाप्रमाणे, जाडीप्रमाणे, नक्षीप्रमाणे वेगळे केले आणि जुळवले. हा प्याला बघा. (कॅमेरा जवळ) सांधे दिसतायत? आणि इथं काठाला एक तुकडा नाहीये. तो समुद्रात राहिला असेल, किंवा ज्या घरात प्याला फुटला तिथंच कुणीतरी केराबरोबर झाडून टाकला असेल.