पवळा आणि बापूराव: कृष्णाकाठची राहिलेली गोष्ट

(दृश्य: मेणवलीचा घाट. कोवळं ऊन. पायऱ्यांवर धुणं.)

वाईजवळचं हे मेणवली. हा घाट तुम्ही पडद्यावर पाहिलाय, पण दुसऱ्याच गावाच्या नावानं. २००४ सालच्या 'स्वदेस'मध्ये तो उत्तर प्रदेशातल्या चरणपूरचा घाट झाला. 'गंगाजल'मध्ये वाई बिहारात गेली, 'दबंग'मध्ये पुन्हा उत्तर प्रदेशात.

घाटाला लागून नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा. मेणेश्वराच्या मंदिराजवळ ही भली मोठी घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची. अंगावर मेरी आणि बाळ येशू. जुन्या काळातली, गावाकडची प्रेमकथा उभी करायला इथं सगळं तयार आहे. मग कृष्णाकाठानं दर वेळी दुसऱ्याचंच गाव का व्हायचं?

(दृश्य: नदीचं रुंद पात्र. वाळवा तालुका.)

हीच कृष्णा खाली सांगली जिल्ह्यात उतरते. तिथं रेठरे हरणाक्ष. १८६६ साली या गावात कुलकर्ण्यांच्या घरी श्रीधरचा जन्म झाला. वतन घरात, लेखणी हातात, आणि कान मात्र बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांकडे. तोच मुलगा पुढे शाहीर पठ्ठे बापूराव झाला. ब्राह्मणाच्या पोरानं तमाशाच्या फडात उभं राहायचं, हे त्या काळात घरादारानं तोंड फिरवण्यासारखंच होतं.

आणि मग पवळा आली. संगमनेरकडच्या हिवरगावची, महार समाजातली, रूपानं आणि अदाकारीनं गाजलेली. त्यानं लिहायचं, तिनं बोर्डावर ते जिवंत करायचं. 'मिठाराणी'च्या वगानं दोघांचं नाव दूरवर नेलं. आपण सोवळं घडी करून ठेवलं, पवळेसाठी जात सोडली, हे बापूरावांनी स्वतःच कवनात सांगून टाकलं. अशी कबुली जाहीरपणे, ढोलकीच्या साथीनं देणारा प्रियकर मला दुसरा आठवत नाही.

पुढे दोघांची ताटातूट झाली. १९४५ साली बापूराव पुण्यात वारले, ते हलाखीत.

(दृश्य: उसाचे फड. मधून जाणारी पायवाट.)

त्यांच्यावर १९५० साली चित्रपट आला होता. पण आज ही गोष्ट पुन्हा करायला हवी, आणि ती इथं, या मातीत. काम सोपं नाही. आज इकडं जिकडं बघाल तिकडं ऊस. ही दाटी उपसा सिंचन आणि सहकारी साखर कारखान्यांबरोबर आली, बापूरावांच्या माघारी. त्यांचं रान दाखवायचं तर चित्रीकरणाच्या आधी, रब्बीच्या पेरणीलाच एखाद्या शेतकऱ्याला गाठून शाळू पेरून घ्यावा लागेल. कंदिलाच्या उजेडातला फड, तुणतुणं, हलगी, कडं... हे सगळं जमवता येईल. माणसं अजून आहेत.

खरी कसोटी पवळेची आहे. बापूरावांनी काय सोडलं, हे सगळे सांगतात. तिनं काय पणाला लावलं, हे कोण विचारतं? ज्याच्या जातीनं तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याच्यावर विश्वास टाकायचा, त्याचे शब्द आपल्या गळ्यातून गावोगाव पोचवायचे, वर लोकांच्या नजरा झेलायच्या. ती कुणाच्या त्यागाचं निमित्त नव्हती, स्वतः कलावंत होती. म्हणून हा चित्रपट रेठऱ्यातून नको, हिवरगावातून सुरू व्हावा. पहिलं दृश्य पवळेचं, आणि बापूराव तिच्या गोष्टीत नंतर यावेत.