शेंडेनक्षत्रं आणि करवंट्या

श्रोतेहो, नमस्कार. २०२५च्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, २१ ऑक्टोबर. घरची मंडळी आकाशकंदील टांगत होती आणि मी गुहागरच्या किनाऱ्यावर ट्रायपॉड घेऊन उभा. अमावास्या, म्हणजे चंद्राची कटकट नाही. वर एकाच वेळी दोन धूमकेतू, लेमन आणि स्वान. आजी धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणायची. दोन एकदम आलेत कळतं, तर तिने अख्ख्या गावाची दृष्ट काढली असती.

दोघं एका फोटोत येतील, ही आशा सोडून द्यायची होती. लेमन वायव्येला, स्वाती ताऱ्याच्या आसपास, अगदी खाली. स्वान नैऋत्येला बराच वर. कधीकधी जोडी जमते. २०१३च्या नोव्हेंबरात आयसॉन आणि एन्के हे धूमकेतू नासाच्या स्टिरिओ यानाच्या एकाच चित्रात आले होते. पण ती जवळीक नजरेपुरतीच. रात्री समुद्रात दोन मचव्यांचे दिवे चिकटलेले दिसतात ना? एक काठाशी असतो, दुसरा पार खोल पाण्यात. स्वान पृथ्वीपासून सुमारे ३.९ कोटी किलोमीटरवर येऊन गेला, लेमन जवळजवळ ९ कोटींवर.

आता कॅमेरा. पृथ्वी फिरते, तेव्हा शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. किती सेकंद चालतील, हे काढायला पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं: माझी पन्नासची, म्हणजे दहा सेकंद. मी आठच ठेवले, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, सोळाशे. फोकस हाताने, एखाद्या ठळक ताऱ्यावर.

हे सगळं पुस्तकात मिळतं. ओल्या वाळूत ट्रायपॉडचा पाय हळूहळू खचतो, हे मात्र मिळत नाही. पहिले पंधरा फोटो त्यातच गेले. मग सुरूच्या बनापलीकडच्या घरातून तीन करवंट्या मागून आणल्या, पायांखाली पालथ्या ठेवल्या. ट्रायपॉड हलला नाही. पुढच्या वेळी मी किनारा सोडून सड्यावरच जाणार. कातळ खचत नाही आणि खारा दमटपणाही जरा कमी.

सात वाजून गेले तेव्हा ढगांची पट्टी विरली. डोळ्यांना काही दिसेना, पण स्क्रीनवर स्वातीच्या बाजूला हिरवट पुंजका उमटला. धूमकेतूतल्या कार्बनच्या जोडरेणूंवर ऊन पडलं की तो रंग येतो. करवंट्या देणारे काका मागे येऊन उभे होते. त्यांनी वाकून पाहिलं.

"बुरशी धरलीय रे लेन्सला. पूस आधी."