एसओपीत न लिहिलेलं कारण

नमस्कार मंडळी. पोरं शिकायला परदेशी का जातात यावर हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद रंगतात, म्हणून म्हटलं आज त्यावरच बोलू. मी बरीच वर्षं बँकेत एज्युकेशन लोनच्या टेबलावर काढली, तिथे माझ्यासमोर दोन कारणं यायची. एक फाईलीत लावलेल्या एसओपीतलं (स्टेटमेंट ऑफ पर्पज, कॉलेजला 'मला का शिकायचंय' हे सांगणारं पत्र), म्हणजे जागतिक दर्जाचं शिक्षण, रिसर्च, लहानपणापासूनची आवड वगैरे, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने सेम. आणि दुसरं, बाबा झेरॉक्स काढायला खाली गेले की पोरगी हळूच विचारायची ते, "मॅडम, हप्ता नक्की कधी सुरू होतो? तिकडे जॉब लागेपर्यंत थांबतील ना?"

माझं मत विचाराल तर डिग्री हे निमित्त. पैसे मोजले जातात ते डिग्रीनंतर तिकडे राहून कमवायला मिळणाऱ्या वर्षांसाठी. आणि यात लाजण्यासारखं काही नाहीये, हिशोबच तसा आहे. समजा ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, १० वर्षं मुदत, तर हप्ता बसतो महिन्याला ५५ हजारांच्या आसपास. इथे साडेतीन लाखांच्या पॅकेजवर लागलेल्या फ्रेशरच्या हातात महिन्याला तीस हजारसुद्धा पडत नाहीत, त्यात लोकलचा पास, डबा, मोबाईल, मग तो ५५ हजार आणणार कुठून? डॉलर नाहीतर पाउंड कमावले तरच ते फिटतं.

म्हणून पोरं कॉलेजच्या आधी व्हिसाचे नियम पाठ करतात. अमेरिकेत शिक्षण झालं की ओपीटीवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, कोर्स स्टेमच्या (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४, म्हणजे झाली तीन वर्षं. एच वन बीची, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसाची, लॉटरी वर्षातून एकदा, जागा ६५ हजार आणि वर अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार, एका वर्षी नंबर नाही लागला तर पुढच्या वर्षी परत लावायला तिथे असायला तर हवं ना! त्यामुळे आता एमबीए घेतानाही पहिला प्रश्न असतो, स्टेम आहे का. आणि गंमत बघा, हेच पोरगं मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीपुढे उभं राहून "शिकून परत येणार" हे पटवून देत असतं, कारण स्टुडंट व्हिसाचा नियमच तसा आहे. दोन्हीकडचे लोक सगळं समजून असतात, असा माझा आपला अंदाज.

खोटं वाटत असेल तर ब्रिटनचं बघा. २०१२ मध्ये त्यांनी शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा वर्क व्हिसा बंद केला, ऑक्सफर्ड-केंब्रिज जागच्या जागी होती, प्रोफेसर तेच होते, तरी आपल्याकडून जाणाऱ्यांची संख्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. २०२१ मध्ये ग्रॅज्युएट रूट नावाने तसाच व्हिसा परत सुरू केला, परत रांगा.

पूर्वी हे अगदी उलट होतं हो. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेले, तेव्हा करार होता की परत येऊन १० वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. तिथे परत येण्याची वर्षं लिहून घ्यायचे, आता राहायची वर्षं मोजतात. त्याही आधी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशींनी निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत भाषण करून सांगितलं होतं मी अमेरिकेला का जातेय ते, कारण बाईला डॉक्टर व्हायला इथे धड सोय नव्हती. ते कारण वेगळ्या रूपात अजून आहेच. २०२४ ला नीटला २३ लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या जरा वर, मग उरलेल्यातली काही जॉर्जिया, रशिया, फिलिपिन्स गाठतात. त्यांना तिकडे राहायचं नसतं, इथे सीट मिळाली नाही एवढंच.

आता आपल्या मुंबईचं दुखणं सांगते. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हणजे सरकारी बँका सहसा तारण मागतात. ठाण्या-डोंबिवलीत वन बीएचके असेल तर बाबा प्लास्टिकच्या पिशवीतून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढतात, अ‍ॅग्रीमेंटची साखळी, सोसायटीची एनओसी, व्हॅल्युएशन, महिना त्यातच जातो. आणि गिरगाव-परळला पगडीची, म्हणजे रक्कम भरून घेतलेली पण कागदावर भाड्याचीच, खोली असेल तर? जागा मोक्याची, भाव विचारू नका, पण बँक ती तारण धरत नाही. मग पोरगं विनातारण कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीकडे जातं, जास्त व्याजाने.

म्हणून हल्ली जर्मनीकडे ओढा वाढलाय. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवायचे, आणि शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने. जर्मन भाषा शिकायला लागते, पण तेवढं करतील पोरं.

आणि पालकांनो, त्या "हप्ता कधी सुरू" वाल्या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून ठेवा. हप्ता कोर्सनंतर सुरू होतो, व्याज नाही थांबत. ते पैसे दिल्या दिवसापासून चढायला लागतं, ४० लाख सगळे उचलले की वर्षाला ४ लाख ४० हजार. जमत असेल तर पोरगं शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत जा, निदान अर्धं तरी.