नाकपुडीवरून ओळखायचा सील

(दृश्य: स्कॉटलंडचा पश्चिम किनारा. राखाडी पाणी, सामन माशांचे गोल पिंजरे.)

पाण्यावर एक डोकं आलंय. लांबून भिजलेला कुत्राच वाटतो. आता जरा नाकाकडे बघा. लांब, सरळ उतरतं नाक आणि समांतर नाकपुड्या, म्हणजे हा ग्रे सील, समुद्रात राहणारा मासेखाऊ सस्तन प्राणी. नाकपुड्या खालच्या टोकाला एकमेकींजवळ आल्या असत्या, तर तो कॉमन सील. नाव कॉमन, पण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्क्नी बेटांवर गेल्या पंचवीसेक वर्षांत तोच झपाट्याने कमी झालाय.

हे नाक ओळखण्यावर एके काळी त्या प्राण्याचा जीव अवलंबून होता. कारण सील मारायच्या सरकारी परवान्यावर जातीनिहाय आकडा असायचा. ग्रे इतके, कॉमन इतके. चुकून दुसराच मारला, तर हिशेब बिघडला.

(दृश्य: पिंजऱ्याच्या जाळीजवळ पाण्याखालचं चित्रण.)

मत्स्यशेतीवाल्याची बाजूही ऐकायला हवी. सील जाळीवर बाहेरून धडका देतो, आत ढकलतो आणि जाळीतूनच माशाच्या पोटाचा लचका तोडतो. अख्खा मासा खाल्ला असता तर एकाचंच नुकसान. इथे सकाळी पोट फाटलेले मासे तळाशी पडलेले असतात आणि उरलेले भेदरून अन्नाला तोंड लावत नाहीत.

आपल्या कोकणात सील नाहीत, पण भांडण ओळखीचं आहे. जाळं कापून कासव किंवा व्हेल शार्क सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र सरकार २०१८ च्या अखेरीपासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. स्कॉटलंडने भरपाईऐवजी सील मारायचा परवाना दिला.

त्याआधीची गोष्ट आणखी सैल होती. १९७० च्या कायद्याने विणीच्या हंगामात बंदी घातली. ग्रे सीलसाठी सप्टेंबर ते डिसेंबर, कॉमनसाठी जून ते ऑगस्ट. बाकीच्या महिन्यांत योग्य बंदूक असली की झालं. बंदीच्या काळातही ‘जाळं वाचवत होतो’ ही सबब कायद्यातच होती. किती मारले? मोजायची सक्तीच नव्हती, मग आकडा कुठून येणार? १९७८ मध्ये तर सरकारनेच ऑर्क्नीत ग्रे सीलची संख्या कमी करायला नॉर्वेचे शिकारी बोलावले. लोक इतके खवळले की मोहीम आवरती घ्यावी लागली.

(दृश्य: मरी फर्थ, स्कॉटलंडच्या ईशान्येची खाडी. वाळूवर पहुडलेले सील.)

मग १९८८ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये उत्तर समुद्रात डिस्टेम्पर या विषाणूजन्य रोगाची साथ आली आणि हजारो कॉमन सील मेले. गोळीबाराचा हिशेब ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही, हे मरी फर्थमध्ये आधी उमगलं. तिथे २००५ पासून नदीतली सामन मासेमारी सांभाळणारी मंडळं, शास्त्रज्ञ आणि सरकार एकाच योजनेखाली आले. तोच नमुना पुढे देशभर गेला. २०१० चा सागरी कायदा झाला आणि २०११ च्या जानेवारीअखेर परवान्याशिवाय सील मारणं वर्षभर गुन्हा ठरलं.

परवाना म्हणजे नुसता कागद नव्हता. किनाऱ्याचे सात विभाग पाडले. प्रत्येक विभागात किती सील गेले तरी संख्येला धोका नाही, हे दरवर्षी शास्त्रज्ञ काढायचे आणि परवान्यांची बेरीज त्याच्या आत ठेवायची. बंदूक कोणती, अंतर किती, हवा कशी, सगळ्याला अटी. मारलेला सील शक्यतो तपासणीला द्यायचा. इथे मात्र समुद्र सहकार्य करत नसे, कारण गोळी लागलेला सील बहुधा बुडतो.

माझ्या मते या व्यवस्थेचं खरं काम सील वाचवणं हे नव्हतंच. मारलेल्या प्रत्येक सीलची नोंद तिने पहिल्यांदा ठेवायला लावली. आणि आकडे दिसू लागले, की प्रश्नही विचारता येतात.

शेवटचा धक्का मात्र अटलांटिकपलीकडून आला. जिथे मासे मिळवताना सागरी सस्तन प्राणी मुद्दाम मारले जातात, तिथले मासे आम्ही घेणार नाही, असा नियम अमेरिकेने २०१६ मध्ये काढला. स्कॉटिश सामनचं ते मोठं गिऱ्हाईक! २०२० मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून मत्स्यशेती किंवा मासेमारी वाचवण्यासाठी सील मारायचा परवाना बंद झाला. संशोधन किंवा रोगनियंत्रणासारखी मोजकी कारणं उरली.

पिंजऱ्यांना आता जास्त ताणलेल्या, चिवट धाग्याच्या जाळ्या आल्या. नदीचं कोडं तसंच आहे, कारण तिथला रानटी सामन स्वतःच संकटात आहे. त्याच्या मागे लागलेल्या सीलला नदीत जाळी कुठे लावणार?

(दृश्य: आयथन नदीचं मुख, न्यूबर्ग. पलीकडच्या वाळूवर शेकडो सील.)

ही जागा २०१७ पासून संरक्षित विश्रांतिस्थळांच्या यादीत आहे. इथे सीलना मुद्दाम किंवा बेफिकिरीने त्रास देणं हाही गुन्हा. अलीकडच्या काठावर दुर्बिणी लावून माणसं उभी आहेत. एका बाईंचा कुत्रा पाण्याकडे ओढ घेतोय. त्यांनी दोरी मनगटाला आणखी एक वेढा दिलाय.